संध्याकाळची ओपीडी आणि तक्तेबाई

तक्तेबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. फक्त हे भांडण माणसाशी नव्हतं, पाटीशी होतं.

आमच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या मागच्या बोळात, एका दारावर एक दिवस नवी पाटी लागली. ‘बिझनेस इंटेलिजन्स विभाग.’ माझं डोकंच सटकलं. गरिबांच्या दवाखान्यात बिझनेस? आज पाटी लावतायत, उद्या गल्ला मांडतील. मी तिथल्या तिथे बोळात फतकल मारली आणि घोषणा सुरू केल्या. एकट्यानेच. ‘नाही चालणार’ हेही मीच म्हणायचं आणि त्याच्यामागून ‘नाही चालणार’ हेही मीच, याची मला सवय आहे.

दार उघडलं. चष्मा कपाळावर चढवलेली एक ठेंगणीशी बाई बाहेर आली.

‘‘काय नाही चालणार?’’

‘‘धंदा नाही चालणार!’’

‘‘कसला धंदा?’’

‘‘ते तुम्ही सांगा. पाटी तुमची आहे.’’

बाईंनी मान मागे करून पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘अहो, आत या आणि माझी खुर्ची बघा. धंदा असता तर आधी खुर्ची नसती का घेतली?’’

खुर्ची बघितली. तिचा एक पाय विटेवर होता. माझा राग निम्म्याने उतरला. उरलेला निम्मा मी जपून ठेवला, पुढे लागतोच.

बिझनेस इंटेलिजन्स डेव्हलपर हे त्यांच्या हुद्द्याचं नाव. ते त्यांनी ठेवलेलं नव्हतं आणि त्यांना आवडतही नव्हतं. काम असं, की दवाखान्यात जिथे जिथे काही टाइप होतं, केसपेपरच्या खिडकीवर, वॉर्डात, तपासणीच्या खोलीत, औषधाच्या काउंटरवर, ते सगळं गोळा करायचं, निवडायचं, पाखडायचं, खडे बाजूला काढायचे आणि उरेल त्याचे रंगीत खांब उभे करून मोठ्या साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर लावायचे. हिरवा खांब म्हणजे बरं चाललंय. पिवळा म्हणजे बघा जरा. लाल म्हणजे कुणाचं तरी काहीतरी खरं नाही. या खांबांच्या तक्त्यांमुळे सगळा दवाखाना त्यांना तक्तेबाई म्हणायचा. पगाराच्या कागदावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर त्या पटकन वळायच्या नाहीत.

खोली पूर्वी प्लास्टरची होती. भिंतींवर अजून पांढरे शिंतोडे होते आणि छताला पाय टांगायचा हूक. खोली बदलल्याचं जुन्या पेशंटांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाई अवघड हिशेबात बुडालेल्या असायच्या आणि दारात कुणीतरी हात गळ्यात बांधून उभा. ‘‘बाई, हे कापायचंय.’’ बाई मान वर न करता म्हणायच्या, ‘‘डावीकडून तिसरं दार.’’ एकदा तर एका गृहस्थाने टेबलावर पायच ठेवला, कीबोर्डाच्या शेजारी.

बाईंच्या घरी वेगळीच गंमत. सासरे शेजारीपाजारी सांगायचे, सून दवाखान्यात मोठ्या पदावर आहे. त्यामुळे रविवारी सकाळी खोकणारी माणसं त्यांच्या दाराशी यायची. सासूबाईंच्या मते सून प्रिंटर दुरुस्त करते, कारण एकदा त्या दवाखान्यात आल्या तेव्हा तक्तेबाई प्रिंटरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. मुलीला शाळेत विचारलं, आई काय करते? ती म्हणाली, ‘‘खांब उभे करते.’’ वर्गाच्या बाईंनी वहीत लिहिलं, वीज खात्यात. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याला मात्र बायकोचं काम बरोबर कळलं होतं. तो म्हणायचा, ‘‘तुझंही माझ्यासारखंच. चालू आहे तोवर कुणी विचारत नाही, अडकलं की सगळे आत बसून ओरडतात.’’

तक्तेबाईंना गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. भरपूर होता. आणि गर्वाचं कारण एकच : त्यांचं पाच वाजताचं गाडं. रोज पाचला त्यांचा एक प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा, दवाखान्याच्या मोठ्या सर्व्हरवरून दिवसभराची सगळी माहिती उपसायचा आणि नवे खांब तयार करायचा. हे गाडं त्यांनी स्वतः जुळवलं होतं, कित्येक वर्षांपूर्वी, आणि ते एकदाही चुकलं नव्हतं. पाचला पडद्यावर ‘सुरू’ असं आलं की बाई पर्स उचलायच्या, मागच्या फाटकाने बाहेर पडायच्या आणि समोरच बस पकडायच्या. ‘‘सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल,’’ त्या मला म्हणाल्या होत्या, ‘‘माझं गाडं नाही.’’

‘‘सूर्याला सरकारी नोकरी नाही,’’ मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. स्वतःच्या गाड्यावरचे विनोद त्यांना खपायचे नाहीत.

आता संध्याकाळच्या ओपीडीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथलंच.

आमच्या भागातली निम्मी माणसं दिवसा कुणाच्या तरी हाताखाली असतात. दवाखाना मात्र सकाळी उघडायचा आणि दुपारी मिटायचा. माझी वहिनी कपडे शिवण्याच्या कारखान्यात आहे. तिला दर महिन्याला रक्तदाब तपासून गोळ्या घ्याव्या लागतात, आणि सकाळी सुटी मागितली की मुकादम असं तोंड करतो, की त्याने हिचाच रक्तदाब वाढावा. तर अशा माणसांसाठी आम्ही भांडलो. मी शाळा मध्येच सोडलेला माणूस, पण नियमांची पुस्तकं दिव्याखाली बसून स्वतःची स्वतः वाचलीत, त्यामुळे कुठल्या साहेबाला कुठलं कलम टोचतं ते मला पाठ आहे. अर्ज, मोर्चे, ठिय्या, सगळं करून झालं. शेवटी मोठे साहेब वैतागून म्हणाले, ‘‘ठीक आहे. पाच ते आठ ओपीडी सुरू करतो. पण प्रयोग म्हणून. माणसं आली तर राहील, नाही तर बंद.’’

माणसं आली. अहो, आली म्हणजे काय, हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. मी रोज संध्याकाळी तिथे असायचो, छाती फुगवून, लग्नघरातल्या मुलीच्या मामासारखा.

आणि मग रुग्ण समितीची बैठक लागली. मी त्या समितीत आहे. मला बाहेर ठेवण्यापेक्षा आत ठेवलेलं बरं, असा साहेबांचा हिशेब. साहेबांनी पडदा लावला. सकाळचा खांब छताला टेकायला आलेला. संध्याकाळचा खांब? उंबरठ्याएवढा. लालभडक.

‘‘बघा,’’ साहेब म्हणाले. ‘‘सकाळी माणूस माणसावर पडतोय आणि संध्याकाळी डॉक्टर माश्या मारतायत. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची ओपीडी बंद. ते डॉक्टर सकाळी देऊ.’’

‘‘हे खोटं आहे!’’ मी उभा राहिलो. ‘‘मी रोज बघतो, हॉल भरलेला असतो!’’

‘‘तुम्ही डोळ्यांनी बघता,’’ साहेब शांतपणे म्हणाले. ‘‘हे आकड्यांनी बघितलंय.’’

माझ्या आयुष्यात मला इतकं गार कुणी केलं नव्हतं. अंतिम निर्णयाची बैठक पुढच्या दिवशी ठेवून साहेब जेवायला गेले, आणि मी तडक प्लास्टरच्या खोलीत.

‘‘बाई, तुमचा पडदा खोटारडा आहे.’’

तक्तेबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ही त्यांची कुस्तीची तयारी.

‘‘पुन्हा म्हणा.’’

‘‘खोटारडा. शंभर वेळा म्हणतो. संध्याकाळी हॉलमध्ये मुंगी शिरत नाही आणि तुम्ही एवढासा खांब दाखवता!’’

‘‘मी दाखवत नाही. जे टाइप होतं ते दिसतं. खिडकीवर टाइप झालं नसेल तर मी काय मनाने भरू? तुमच्यासारखं?’’

‘‘माझ्यासारखं म्हणजे?’’

‘‘तुमच्या प्रत्येक मोर्च्यात तुम्ही म्हणता प्रचंड जनसमुदाय. मागच्या वेळी मी खिडकीतून मोजला. रिक्षावाले धरूनही तो प्रचंड नव्हता.’’

हे मला लागलं. रिक्षावाले आमचेच होते.

‘‘ठीक आहे,’’ मी म्हणालो. ‘‘मोजायची एवढी हौस आहे ना? चला, संध्याकाळी हॉलमध्ये. स्वतः मोजा. कधी आलाय तिथे?’’

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. मग जरा हळू म्हणाल्या, ‘‘मी मागच्या फाटकाने जाते.’’

‘‘तेच म्हणतोय. दवाखान्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते तरी बघा.’’

‘‘येते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि हॉल रिकामा निघाला तर तुम्ही महिनाभर या बोळात तोंड उघडायचं नाही.’’

‘‘कबूल.’’

पाचला गाडं सुरू झालेलं बघून, पर्स काखोटीला मारून, बाई माझ्याबरोबर हॉलकडे निघाल्या. त्यांच्या चालीवरून वाटत होतं, शिक्षा वाचून दाखवायला निघाल्यात. दार ढकललं आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

हॉल खच्चून भरला होता. बाकांवर, बाकांच्या हातांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं. कारखान्याच्या निळ्या कपड्यातली, डबा हातात धरलेली, पोरं कडेवर घेतलेली. केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग एक वळसा घालून पाण्याच्या नळापर्यंत गेलेली आणि तिथे तिला आणखी एक रांग चिकटलेली, ती पाण्याची, पण त्यात उभ्या असलेल्यांना ते माहीत नव्हतं.

तक्तेबाई ओठ हलवत मोजायला लागल्या. खरंच मोजायला लागल्या हो. बोट नाचवत. लोकांना वाटलं, कुणी अधिकारी आलीय, पुढच्यांना पाठवतेय. तीन-चार जण धावत आले. एक म्हणाला, ‘‘मॅडम, माझ्यापर्यंत मोजा.’’ एक बाई पोराची जीभ बाहेर काढून दाखवायला लागली.

‘‘मी डॉक्टर नाही,’’ तक्तेबाई म्हणाल्या.

‘‘मग काय आहात?’’

बाईंनी तोंड उघडलं, हुद्दा आठवला आणि पुन्हा मिटलं. गर्दीतून वाट काढत त्या खिडकीकडे निघाल्या. तेवढ्यात रांगेतून खणखणीत आवाज आला.

‘‘ओ चष्मेवाल्या बाई! लाइन मागून सुरू होते. आम्ही काय इथे शोभेला उभ्या?’’

आवाज माझ्या वहिनीचा. मी खुणा केल्या, की आपल्या कामाच्या आहेत, जाऊ दे. तर ती माझ्यावरच घसरली. ‘‘भावोजी, तुम्हीच रोज भाषण देता ना, वशिला नको म्हणून? आता बोला!’’

तक्तेबाई निमूटपणे मागे जाऊन उभ्या राहिल्या. मीही. आणि मग आम्ही उभेच राहिलो. रांग हलेचना. पुढचा माणूस पाय बदलायचा, त्याच्या मागचा बदलायचा, एवढीच काय ती हालचाल. बाई घड्याळ बघायच्या, उसासा टाकायच्या. आमच्यामागच्या आजोबांनी त्यांना समजावलं, ‘‘पहिल्यांदा आलात वाटतं. आधी राग येतो, मग भूक लागते, मग काहीच वाटत नाही. तेव्हा नंबर येतो.’’

खिडकीवर जो कारकून बसायचा त्याला सगळे थांबाभाऊ म्हणायचे, कारण तो दुसरं काही म्हणायचा नाही. माणूस वाईट नव्हता. पुढ्यात कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा, हातात पेन आणि शेजारी कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटरकडे बघतही नव्हता. हाताने सगळं लिहीत होता, एकेक अक्षर रेशमी रुमालावर काढल्यासारखं. हे मी रोज बघत होतो. पण सरकारी माणूस हाताने सावकाश लिहितोय, यात मला संशय यावा असं काहीच नव्हतं.

आमचा नंबर आला. तक्तेबाई म्हणाल्या, ‘‘टाइप का करत नाही?’’

‘‘थांबा,’’ तो सवयीने म्हणाला. मग वर बघून, ‘‘कशावर करू? फिरतंय.’’

पडद्यावर मधोमध तो छोटा गोल फिरत होता.

‘‘किती वेळ फिरतं?’’

‘‘आमची ओपीडी संपेपर्यंत. पावणेपाचला येऊन मी चालू करतो तेव्हा पाखरासारखं चालतं. पाच वाजले की लागलं फिरायला. त्यालाही संध्याकाळची हवा खायची असते बहुतेक.’’

‘‘पाच?’’ तक्तेबाईंचा आवाज बारीक झाला.

‘‘ठोक्याला पाच. एक दिवस चुकेल तर शपथ. तक्रार केली मी. म्हणाले, बंद करून चालू करा. केलं. बंद झालं, चालू झालं आणि फिरायला लागलं.’’

‘‘आणि हे कागद?’’

‘‘गठ्ठा बांधून ठेवतो. सकाळवाले आले की टाइप करतात. त्यांच्या कागदांत मिसळून, शिव्या देत. तुम्हाला काय झालं? बसा बाई. पाणी देऊ?’’

बाई खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘‘काय झालं?’’

‘‘मीच आहे ते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘माझं गाडं. पाच वाजता ते सर्व्हरमधून सगळी माहिती उपसायला लागतं. त्याने इथल्या मशीनचा जीव जातो. म्हणून हा कागदावर लिहितो. सकाळी टाइप होतं, तेव्हा कॉम्प्युटर त्यावर सकाळची वेळ मारतो. म्हणजे ही सगळी माणसं,’’ त्यांनी हॉलभर हात फिरवला, ‘‘माझ्या सकाळच्या खांबात उभी आहेत.’’

मला कळायला एक क्षण लागला. संध्याकाळी किती माणसं येतात हे मोजणाऱ्या यंत्रामुळेच ती मोजली जात नव्हती. आणि जेवढी जास्त माणसं संध्याकाळी येत होती, तेवढा सकाळचा खांब वर चढत होता आणि साहेब म्हणत होते, डॉक्टर सकाळी द्या!

‘‘पण पाचच का?’’ मी ओरडलो.

‘‘लावलं तेव्हा पाचला इथे चिटपाखरू नसायचं! ओपीडी नंतर सुरू झाली. मला कुणी सांगितलं का?’’

‘‘मी सहा महिने भोंगा घेऊन सांगत होतो!’’

‘‘पुढच्या फाटकाला!’’

मागच्या फाटकाला मी खरंच कधी भोंगा लावला नव्हता.

बाई वळल्या आणि गर्दीतून जवळजवळ पळत खोलीकडे गेल्या. मी खिडकीशीच थांबलो. थोड्या वेळाने थांबाभाऊच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याने ऐकलं, ‘‘हो, फिरतंय. अजून फिरतंय. अहो, मी सांगतोय ना फिर...’’ आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

गोल थांबला होता.

थांबाभाऊने एक बोट उचलून हळूच एक अक्षर दाबलं. उमटलं. दुसरं दाबलं. उमटलं. मग त्याने पेन खिशात खोचलं, बाह्या सरसावल्या आणि असा काही टाइप करायला लागला की मागचा प्रिंटरही घाबरला. ‘‘पुढे या! पुढे या!’’ हे शब्द त्याच्या तोंडून हॉलने पहिल्यांदाच ऐकले. रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ज्या आजोबांना आता काहीच वाटत नव्हतं ते गडबडून गेले, कारण रांग हलल्यावर काय करायचं असतं ते ते विसरले होते. वहिनी पुढच्या खेपेला आली तेव्हा दवाखान्यातून पहिल्यांदा उजेडात घरी गेली.

पण अंतिम बैठक दुसऱ्या दिवशी होतीच, आणि खरा पेच तिथे होता. गाडं बंद केल्याने रांग हलली. साहेबांचा निर्णय हलला नव्हता. तो हलवायला एकाच माणसाने बोलायला हवं होतं, आणि बोलायचं ते स्वतःच्या विरुद्ध. मी रात्रभर धास्तावलो होतो. मी स्वतः तसा प्रसंग आला तर काय करतो, हे मला चांगलं माहीत आहे : मी दुसऱ्यावर ओरडतो.

बैठकीत साहेबांनी पेन उघडलं. तक्तेबाई उभ्या राहिल्या. इस्त्रीची साडी, चष्मा नाकावर.

‘‘साहेब, सही करू नका. खांब चुकीचा आहे.’’

‘‘पडदा चुकतो?’’ साहेब दचकले. घरचा देव पालथा पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

‘‘पडदा नाही. मी. माझं गाडं संध्याकाळची खिडकी बंद पाडतं. ती सगळी माणसं सकाळी मोजली जातात.’’ आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. मागचं फाटकसुद्धा.

‘‘पण मी वर कळवलंय,’’ साहेब कळवळून म्हणाले. ‘‘सकाळची गर्दी वाढली, म्हणजे लोकांचा आपल्यावर विश्वास वाढला असं लिहिलंय मी!’’

‘‘विश्वास वाढलाच आहे, साहेब,’’ मी मध्ये पडलो. ‘‘फक्त संध्याकाळी.’’

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं भाषण गिळलं. मग बाईंना म्हणाले, ‘‘तुमच्या फाइलवर हे जाईल, कळतंय ना?’’

‘‘जाऊ दे. बरोबर लिहा म्हणजे झालं. तारीख मी सांगते.’’

‘‘आणि गाडं?’’

‘‘पहाटे चारला लावलंय. तुम्हाला आकडे सकाळी मिळतील.’’

‘‘मग संध्याकाळी चहाबरोबर मी काय बघू?’’

‘‘हॉल बघा,’’ तक्तेबाई म्हणाल्या.

साहेबांनी पेन मिटलं. पंधरवडाभर थांबून खरे आकडे बघायचे असं ठरलं. तो पंधरवडा मी खिडकीसमोर पहारा दिला. थांबाभाऊने टाइप केलं. खांब रोज वर चढत गेला. लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. सकाळचा तेवढाच खाली उतरला. ओपीडी राहिली. साहेबांनी कागद काढला तेव्हा खाली लिहिलं, ‘रुग्णांच्या सोयीसाठी’. जसं काही त्यांनाच सुचलं होतं. मी जाऊ दिलं. क्वचित देतो.

त्याच संध्याकाळी मी हॉलच्या दाराशी फळा लावला आणि खडूने ठसठशीत लिहिलं : ‘हजारो रुग्णांचा दणदणीत विजय!’ शेवटचं उद्गारचिन्ह काढतोय तोच मागून आवाज.

‘‘हजारो कुठून आणले?’’

तक्तेबाई. आता पुढच्या फाटकाने जायच्या.

‘‘बाई, ही बोलायची पद्धत असते.’’

‘‘असल्या पद्धतीनेच तर सगळा घोटाळा होतो. काल संध्याकाळी तीनशे बारा आले.’’

‘‘तीनशे बारा रुग्णांचा दणदणीत विजय? काय वाटेल ते! घोषणेत जोर नको?’’

‘‘खरं असलं की जोर लागत नाही.’’

‘‘मग तुम्हीच लिहा!’’ मी खडू पुढे केला. मला वाटलं, लाजतील. त्यांनी खडू घेतला, पदराने माझे हजारो पुसले आणि टाचा उंचावून लिहिलं, ‘आज आत्तापर्यंत’. मग मागे वळून खिडकीवर विचारलं, ‘‘किती झाले?’’ थांबाभाऊने आकडा ओरडून सांगितला. बाईंनी तो फळ्यावर लिहिला.

दारातून नुकताच आत आलेला एक माणूस थांबून तो आकडा वाचत होता.

‘‘यात मी धरलाय का?’’ त्याने विचारलं.

‘‘केसपेपर काढला?’’

‘‘आता काढतो.’’

‘‘काढा. मग धरते,’’ तक्तेबाई म्हणाल्या आणि खडू हातात घेऊन तो खिडकीवर पोचायची वाट बघत उभ्या राहिल्या.